राहणाऱ्या माणसांचा रकाना

साजिदाच्या घरात माणसं पाच. रेशनकार्डावर पाच, मतदार यादीत पाच, पोलिओचे डोस द्यायला आलेल्या बाईनं विचारलं तेव्हाही पाचच. चुलीशी मात्र एकच. महाडात त्यांच्या मोहल्ल्याची ती रीतच होती, परदेशी गेलेलं माणूस घरातच धरायचं. जित्या माणसाला मोजणीतून गाळू नये, गाळलं की त्याचा घराकडचा पाय आखडतो, असं साजिदाची सासू म्हणायची. तिनं स्वतः जहाजावर गेलेल्या नवऱ्याला सतरा वर्षं असं मोजलं होतं. सासू गेली, रीत साजिदाकडे आली.

तर पाच कोण? नवरा जुल्फिकार, दम्मामला, एसी बसवायच्या नि दुरुस्तीच्या कामात, तेवीस वर्षं. थोरला नौमान दोह्याला, आणि दीड वर्षामागं त्याच्याकडे गेलेली त्याची बायको उझ्मा. धाकटा मुदस्सर मस्कतला. आणि पाचवी ती.

दोन हजार पाचच्या पुरात सावित्रीचं पाणी त्यांच्या घरात माळ्यापर्यंत चढलं होतं. पाणी ओसरलं, चिखल उपसला, तरी भिंती दर पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल धरत राहिल्या. तेव्हा सुट्टीवर आलेला जुल्फिकार ओल्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाला होता, "आता घर उंचावर. आणि ते झालं की मी कायमचा आलो गो."

साजिदानं मान हलवली होती. असं तो पूर्वीही म्हणाला होता. वरचा स्लॅब पडला की येतो, मुलांची शिक्षणं उरकली की येतो, नौमानचं लग्न झालं की येतो. पण या वेळी त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते, आणि पांढऱ्या केसांचा माणूस खोटं बोलत नसेल, असं ती धरून चालली.

ते उंचावरचं घर २००९ च्या फाल्गुनात दारात आलं, दोन कागद होऊन.

पोलादपूरच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्यापासून जरा वर, एका बिल्डरानं अठरा घरांची वसाहत उभी केली होती. वीज-पाणी कमी खाणारी घरं अशी त्याची जाहिरात. नुसती जाहिरात नव्हे, प्रत्येक घराला दाखले. एका दाखल्यावर तारे, फ्रिजच्या दारावर असतात तसे. दुसऱ्यावर हिरवी पानं. दोन्हींत पाचापैकी किती, ते मोजायचं.

जुल्फिकारला दोन घरं पसंत होती, नकाशावरून. चार नंबरचं दुमजली, चार निजायच्या खोल्या, वर गच्ची. त्याला तारे चार आणि पानं दोन. अकरा नंबरचं बैठं, दोन खोल्या नि स्वयंपाकघर, जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं. त्याला पानं चार, पण तारे तीनच.

"चार नंबर," जुल्फिकार फोनवर म्हणाला. शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटोपून, जेवून, खोलीतली बाकीची माणसं आडवी झाली की तो फोन करायचा. इथं तेव्हा साडेतीन झालेले असायचे. "चार ताऱ्यांचं म्हणजे काय चीज असते तुला नाय कळायचं. छताखाली जाड थर दिलाय, ऊन आतच येत नाय. एसी लावलास तरी अर्ध्या विजेत घर गार."

"एसी कुणाला लावू?"

"काय?"

"काय नाय. आणि पानं?"

"पानं बकरी खाते," तो हसला. "तारे बघ तू. मी इथं रोज तेच बघतो."

तिलाही हसू आलं. त्याचं हसू अजून तसंच होतं, नाकातून सुरू होऊन घशात मावळणारं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खोलीत राही, आणि मग तेही जाई.

मंगळवारी दुपारी बनुबाई भाजीची पाटी घेऊन आली. बनुबाई मूळची कुडपणची, डोंगरावरची. धनी गेल्यावर लेकीच्या आधारानं खाली महाडात उतरली होती. साजिदाकडे भाजी विकणं हे निमित्त, खरी विकायची ती बोलणी. पाटी उंबऱ्यावर, पाठ भिंतीला, पाय पसरलेले.

"भाभी, नवं घर घेताय म्हनं?"

"बघतोय."

"बघतोय म्हंजी कोन कोन बघतंय?" बनुबाईनं मुद्दाम आत डोकावल्यासारखं केलं. "मला तर तुम्ही एकल्याच दिसता."

"वांगी कशी दिलीस ते सांग."

"वांगी ऱ्हाऊ देत. आमच्या कुडपणात घर बांधलं का पयलं बायका गात." आणि ती गायलाच लागली, अर्ध्या आवाजात, जात्यावर बसल्यासारखी कंबरेतून डुलत:

*"नव्या गो घराला, वारं येतं चहूंकडं*
*माझ्या गो धन्याचं, गाव समिंदराच्या पलीकडं"*

"ही कुडपणातली नाही," साजिदा म्हणाली. "कुडपणातून कुठला समुद्र दिसतो?"

"आत्ताच जोडली. तुमच्यासाटी." बनुबाईनं दात नसलेलं तोंड भरून हसून घेतलं. "खोटी हाय का?"

साजिदा उत्तर द्यायच्या आत फाटक वाजलं. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग, उन्हानं लाल झालेली एक मुलगी आत आली. अनुपमा. पुण्याच्या कचेरीतून दाखल्यांच्या कामासाठी आलेली, असेल सव्वीस-सत्तावीसची.

"काकू, तुमचा फॉर्म भरून घ्यायचाय. आणि आत्ताच्या घराची विजेची बिलं बघायचीत. वर्षभराची."

साजिदानं तिला पाणी दिलं, कोकमाचं सरबत दिलं, मग बिलांचं पाकीट दिलं. अनुपमा बिलं मांडीवर पसरून कॅल्क्युलेटर दाबत बसली. पहिलं बिल बघून तिनं काही म्हटलं नाही. तिसऱ्याला भुवया वर गेल्या. सहाव्याला तिनं डोकं वर केलं.

"काकू, घरात माणसं किती म्हणालात?"

"पाच."

"पाच माणसं आणि महिन्याला एकवीस युनिट?"

"हो."

"फ्रिज आहे ना?"

"आहे. बंद असतो. डाळी-तांदूळ ठेवते त्यात, उंदीर लागत नाहीत."

"पंखे?"

"एक चालतो."

अनुपमा हसली, पण गोंधळून. "अहो काकू, माणशी पाच युनिटसुद्धा पडत नाहीत. इतकं कमी मी अख्ख्या जिल्ह्यात बघितलेलं नाही. हे खरं धरलं तर तुमच्या घराला सहावा तारा द्यावा लागेल. तुम्ही काय अंधारात बसता काय?"

बनुबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "अगो बाय, तिथं बसायला हाय कोन?"

"बनुबाई!" साजिदाचा आवाज चढला.

"गप बसते. माझं काय जातं. मी वांगी विकनारी बाई." आणि तिनं तोंड फिरवून पाटीतली मेथी उगाच झटकली.

वरचा तो एक पंखा तेवढा फिरत राहिला. अनुपमानं कॅल्क्युलेटर खाली ठेवला. ती रागावली नव्हती. साजिदाला तेच जड गेलं, ही मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं.

"काकू, यात चूक-बरोबर असं काही नाही," अनुपमा हळू म्हणाली. "पण तारे काय आणि पानं काय, दोन्ही दाखल्यांचं गणित माणशी असतं. तारा फक्त वीज बघतो. पान बघतं घर कशानं बांधलं, पाणी कुठून आलं, वारा आरपार जातो का. पण दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की घर भरलेलं आहे."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर चार नंबरचे तारे कागदावरच राहतात. एवढ्या मोठ्या टाक्या, वर पाणी चढवायचा पंप, चार खोल्यांचं उन्ह-पावसापासून राखणं. पाच जणांत ते वाटलं जातं. एका माणसावर पडलं, तर ते घर वीज खाणारंच ठरतं." तिनं फॉर्मचं दुसरं पान उलटलं. "म्हणून हा रकाना आहे बघा. राहणारी माणसं. नुसती नावं नाहीत, वर्षातले दिवससुद्धा. गेल्या वर्षी कोण किती दिवस राहिलं, आणि पुढच्या वर्षी कोण किती दिवस राहील."

साजिदानं कागद घेतला. पाच ओळी. प्रत्येक ओळीपुढं दोन चौकोन.

"आत्ताच भरू?"

"शनिवारी साइटवर आणून द्या. पण खरं भरा काकू. घराची निवड त्याच्यावर आहे. चुकीचं घर घेतलंत तर मला दोष देऊ नका." अनुपमा बॅग उचलत थांबली. "माझे बाबा बदलीच्या नोकरीत होते. आई पण सगळीकडे चारच लिहायची," एवढं म्हणून ती गेली.

बनुबाईही उठली. पाटी डोक्यावर घेताना म्हणाली, "भाभी, रागावू नगा."

"नाही रागावले. वांग्याचे पैसे?"

"ऱ्हाऊ देत आज." हे बनुबाईच्या तोंडून साजिदानं आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी ती कॅलेंडर घेऊन बसली. मागच्या वर्षीचं कॅलेंडर तिनं टाकलं नव्हतं. त्यावर कोण कधी आलं, कधी गेलं, ते तिच्या बारीक अक्षरात होतंच. पण ते तिनं आजवर सुट्या तारखांसारखं बघितलं होतं. कधी बेरीज केली नव्हती.

उझ्मा, नऊ दिवस. तेही तिच्या माहेरी लग्न होतं म्हणून, आणि त्यातले चार ती माहेरीच होती. साजिदानं नऊ लिहिलं, मग खोडून पाच केलं. नौमान पाच. मुदस्सरच्या नावापुढं ती बराच वेळ बोट ठेवून राहिली. मागच्या वर्षी त्याला सुट्टी मिळाली नव्हती. शून्य लिहायला तिचा हात धजेना, तिनं चौकोनात एक आडवी रेघ ओढली. मग वाटलं, रेघ म्हणजे माणूस खोडल्यासारखं दिसतं. रेघेभोवती तिनं गोल काढला, तेव्हा शून्य झालंच.

जुल्फिकार, चौतीस. त्यात पहिले दोन दिवस झोपेचे, शेवटचे तीन सामान बांधायचे. चौतीस दिवसांत तो तिच्याबरोबर दासगावला बहिणीकडे गेला होता, तीन नळ दुरुस्त केले होते, शेजाऱ्यांचे दोन एसी बघून दिले होते. एका दुपारी भर उकाड्यात तिच्या शेजारी बसून तो काहीच न बोलता वर्तमानपत्रानं तिला वारा घालत राहिला होता. तो दिवस कॅलेंडरवर कुठं लिहिलेला नव्हता. मे महिन्यातला होता एवढं तिला नक्की आठवत होतं.

आणि साजिदा, तीनशे पासष्ट.

तिनं मान वर केली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. ती अंधारातच लिहीत होती. पोरगी म्हणाली ते खरंच होतं की. साजिदाला एकटीला हसू आलं, आणि त्या हसण्याचा आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून आला तसं तिनं तोंडावर पदर घेतला.

दुसरे चौकोन उरले, पुढच्या वर्षीचे. मुलांचे तिनं अंदाजानं भरले. स्वतःचा भरला. एकच उरला. तो तिला स्वतःहून भरता येईना. तेवीस वर्षांत तिनं जुल्फिकारला तब्येत विचारली, जेवण विचारलं, तिथला उन्हाळा विचारला. येणार कधी हे कधी सरळ विचारलं नव्हतं. विचारलं की माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि दिलेलं उत्तर मग घरात येऊन राहतं. न विचारता राहिलं की आशेला जागा असते. मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका अशाच राहत होत्या.

शुक्रवारी साडेतीनला फोन वाजला.

"काय गो, सही केलीस ना? चार नंबर?"

"अजून नाही. एक रकाना राहिलाय. तुम्हाला विचारून भरायचा."

"विचार की."

"पुढच्या वर्षी तुम्ही घरात किती दिवस राहाल?"

पलीकडून त्याचा कामावरचा आवाज आला, गिऱ्हाइकाशी बोलायचा. "त्यानं काय होतं?"

"घराचं गणित त्याच्यावर आहे. माणशी."

"मग तीनशे पासष्ट टाक. माणसं जास्त दाखवली तर तारे वाढतात, कळलं का? पाचांचे पाच तीनशे पासष्ट टाक. तपासायला कोण येतंय?"

"मी असते ना घरात," साजिदा म्हणाली. "मीच तपासणार."

पलीकडून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येत होता. एका खोलीत सहा जण निजतात, तिला माहीत होतं. त्यांची नावंसुद्धा तिला पाठ होती.

"साजिदा, काय झालं? कोण काय बोललं काय?"

"कुणी नाही बोललं. घर झालं की कायमचा येतो म्हणालात. घर झालंय. शनिवारी सही केली की किल्ली मिळते. म्हणून विचारते. खरा आकडा सांगा, मी रागावणार नाही."

फोनच्या कार्डाचे पैसे नुसतेच चालले होते, आणि दोघांपैकी कुणीही त्याची आठवण काढली नाही.

"मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली गो," तो शेवटी म्हणाला. "जानेवारीत. सांगणार होतो. इथं मी सुपरवायझर झालो. आता ह्या वयात तिकडं येऊन मी करू काय? महाडात कोण मला विचारतोय? इथं दुसऱ्यांची घरं गार करता करता... मला इथलंच जमतं आता. तिकडं आलो की चार दिवसांनी मला कळत नाय, हात कुठं ठेवू."

साजिदानं डोळे मिटले. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीत काहीतरी मोडेल. मोडलं नाही. पुराच्या वेळी माळ्यावर बसून चढतं पाणी बघताना जसं झालं होतं, तसं झालं. पाणी कुठवर येणार ते एकदा दिसलं की माणूस निदान पाय कुठं ठेवायचे ते ठरवतो.

"मग किती लिहू?"

"पंचेचाळीस," तो अगदी हळू म्हणाला. "पंचेचाळीस लिही."

तिनं लिहिलं.

"आणि सही मी अकरा नंबरवर करणार आहे," ती म्हणाली.

"अगो, ते दोन खोल्यांचं? कौलांचं? लोक काय म्हणतील, तेवीस वर्षं गल्फला राहून ह्यानं बायकोला..."

"लोक येणारेत का राहायला? आले तर त्यांचेही दिवस लिहिते."

तो हसला नाही. तीही हसली नाही.

शनिवारी ती रिक्षानं वसाहतीवर गेली. अनुपमानं फॉर्म बघितला, दोन्ही चौकोनांवरून बोट फिरवत खाली आली, कॅल्क्युलेटर दाबला आणि म्हणाली, "काकू, घर लहान आणि तुमचा खर्च इतका कमी, की तुमच्या हिशेबानं अकरा नंबरला पाच पानं मिळतात. आणि तारेही चार होतात. अख्ख्या वसाहतीत सगळ्यात चांगला दाखला तुमचा." मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं. ती कागद नीट करत राहिली.

"चला, घर दाखवा," साजिदा म्हणाली.

घर खरंच चांगलं होतं. जांभ्याच्या भिंती दुपारीही गार होत्या. पुढच्या खिडकीतून आलेला वारा मागच्या दारानं निघून जात होता, त्याला कुठं अडायचं कारण नव्हतं. साजिदानं स्वयंपाकघरात उभं राहून एका हातानं भिंत, दुसऱ्यानं ओटा गाठून बघितला. दोन्ही हाताशी होते. इथं तिला कुणाला हाक मारायची वेळ आली तर आवाज चढवावा लागला नसता.

तिनं सही केली.

सोमवारी सकाळी अकराला फोन वाजला. सोमवारी, कामाच्या दिवशी, त्याचा फोन कधीच यायचा नाही. तिच्या हातातलं तांदळाचं सूप खाली पडलं.

"कोण? काय झालं?"

"काय नाय, काय नाय. मीच आहे. एका गच्चीवर आहे, कामावर." मागं वारा घोंगावत होता, कुणीतरी अरबीत ओरडत होतं. "तो कागद दिलास?"

"दिला."

"परत मिळेल का? तो आकडा... साठ कर. मी बोललोय साहेबाशी. दोन हप्ते जास्त देतो म्हणाला. म्हणजे बघतो म्हणाला. पण तू साठ लिही."

साजिदा फरशीवर सांडलेल्या तांदळांत खाली बसली. तेवीस वर्षांत या माणसानं तिला साड्या पाठवल्या, अत्तरं पाठवली, कंबल पाठवले, मिक्सर पाठवला. स्वतःचे दिवस वाढवून द्यायला तो आज पहिल्यांदा भांडून आला होता, उन्हात, गच्चीवर उभं राहून. तिला त्याच्या कानावरचे पांढरे केस दिसले. तिचा जीव एकदम भरून आला, आणि तेवढ्याच सरळपणे तिला हेही कळलं की आपण साठ लिहिणार नाही.

"लिहिलंस का?" तो विचारत होता. "साजिदा? लिहितेस ना?"

"तुम्ही आधी या," ती म्हणाली. "एकेक दिवस राहा. मी रोज एक लिहीन."

पलीकडं नुसता वारा होता. मग त्याला कुणीतरी हाक मारली, आणि त्यानं "येतो" म्हटलं. ते हाक मारणाऱ्याला होतं की तिला, हे विचारायच्या आत फोन बंद झाला. तिनं फोन बाजूला ठेवला आणि फरशीवरचे तांदूळ मुठीमुठीनं गोळा करू लागली.